गोऱ्हा, कालवड आणि चीक : लेण्याद्रीच्या पायथ्याचा एक इतिहास

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गणेश लेण्यात गेलं की बहुतेक जण गिरिजात्मजाचं दर्शन घेतात आणि उतरायला लागतात. आज आम्ही तुम्हाला तिथे थोडा वेळ देवाकडे पाठ करून उभं राहायला सांगणार आहोत. समोर कुकडीचं खोरं, पलीकडे शिवनेरी, आणि खाली ऊस-मक्याच्या तुकड्यांमध्ये पत्र्याचे गोठे दिसतात. आजचं व्याख्यान लेण्यांवर नाही, त्या गोठ्यांतल्या कालवडीवर आहे. कालवड वाढवण्याला इतिहास असतो का? आमचं म्हणणं, असतो. आणि आपल्या भागात तो अदलाबदलीचा इतिहास आहे.

सुरुवात नाणेघाटापासून करू. तिथल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणेची यादी आहे : कुठे १२ गायी आणि १ घोडा, कुठे १,७०० गायी आणि १० हत्ती, कुठे ११,००० गायी आणि १,००० घोडे. आकडे फुगवलेले असतील, असं कोणी म्हणेल. असोत. पण ११,००० गायी दान द्यायच्या, तर आधी कोणीतरी ११,००० कालवडी जगवलेल्या असल्या पाहिजेत. दान देणाऱ्याचं नाव दगडात राहिलं, वाढवणाऱ्याचं राहिलं नाही. इतिहास मोजतो ती गाय. कालवड हिशेबात येत नाही, कारण ती अजून काही 'देत' नाही.

पुढे शेकडो वर्षं आपल्या शेतकऱ्याने गाय पाळली ती मुख्यतः बैलासाठी. नांगर, मोट, गाडी सगळं बैलावर. जुन्नर, आंबेगाव, खेड हा तर बैलगाडा शर्यतींचा मुलूख. त्यामुळे गाय व्याली की पहिला प्रश्न, "गोऱ्हा का कालवड?" आमच्या घरी गोऱ्ह्यासाठी दोन सड सोडत. कालवडीला एक, तोही आमच्या चहाचं भागल्यावर. यात दुष्टपणा नव्हता, चाराच तेवढा होता. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्याने चराईची रानं अडवल्यामुळे होणारी जनावरांची उपासमार मांडली आहे. १९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनने एक दुष्टचक्र दाखवलं : जिथे चारा कमी तिथे जनावरं निकृष्ट, आणि जनावरं निकृष्ट म्हणून माणूस ती संख्येने जास्त पाळतो. त्या चक्रात सगळ्यात आधी भरडली जायची कालवड. चौथ्या-पाचव्या वर्षी कुठे ती पहिल्यांदा विणार.

मग पारडं फिरलं. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजे आपण 'बाएफ' म्हणतो ती संस्था काढली. होल्स्टीन आणि जर्सीचं गोठवलेलं वीर्य शेतकऱ्याच्या दारात आलं. इकडे कुकडी प्रकल्पाची धरणं झाली : येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. पाणी आलं, हिरवा चारा आला, दूध संकलन केंद्रं आली, आणि नांगरटीला ट्रॅक्टर आला. बघता बघता गोऱ्हा नकोसा झाला आणि कालवड हवीशी.

पण हवीशी झाली म्हणून ती वाढवता आली असं नाही. इथे आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. सत्तरच्या दशकात आम्ही कर्ज काढून पहिली संकरित गाय आणली. ती पहाटे व्याली, कालवड झाली. घरात आनंद! पण रिवाज असा की जार पडल्याशिवाय चीक काढायचा नाही आणि पाजायचाही नाही. जार पडायला दुपार टळली. मग चीक काढला, त्यातला बराचसा खरवसासाठी गेला, शेजारी वाटला. वासराला फार पाजला तर हगवण लागते, हे आजीचं मत. कालवडीला आठव्या दिवशी हगवण लागलीच, आणि अकराव्या दिवशी ती गेली. पुढे कित्येक वर्षं आम्ही ते नशिबावर ढकलत होतो.

आज कारण माहीत आहे. गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत. ती सगळी चिकातून यावी लागतात. वासराचं आतडं ती शोषून घेतं, पण ते दार तासागणिक मिटत जातं आणि एका दिवसात बंद होतं. म्हणून पहिल्या एक-दोन तासांत चीक हवा, आणि पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका. तीस किलोच्या वासराला तीन लिटर. जार पडायची वाट बघायची नाही. नाळेला आयोडीन लावायचं. पुढे वेळेवर जंताचं औषध, आणि दुधाबरोबरच थोडा खुराक आणि कोवळा चारा, म्हणजे कोठीपोट तयार होतं. सांसर्गिक गर्भपाताची लस चार ते आठ महिन्यांच्या वयात, फक्त कालवडींना, आयुष्यात एकदाच. आणि भरवायचं ते नुसतं वय बघून नाही, वजन बघून : संकरित कालवड अडीचशे किलोच्या आसपास झाली की. नीट वाढवली तर पंधरा-अठरा महिन्यांत ती तिथे पोचते आणि अडीच वर्षांच्या आत पहिलारू होते. आपल्याकडे आणखी एक काळजी म्हणजे रात्री बंदिस्त गोठा. उसातला बिबट्या आधी वासरावर येतो.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, म्हणून अ‍ॅरिस्टॉटलची आठवण होते. बीजात झाड शक्यतेच्या रूपाने असतं, असं तो सांगतो. कालवड ही तशी शक्यता आहे. पण शक्यता आपोआप प्रत्यक्षात येत नाही. दोन वर्षं काहीही न देणाऱ्या जिवावर कोणीतरी खर्च आणि लक्ष द्यावं लागतं. बहुतेक घरांत हे काम बायका करतात, आणि डेअरीचं बिल पुरुषाच्या नावावर निघतं. नाणेघाटातली चूक आपण अजून करतोच आहोत.

आणि गोऱ्ह्याचं काय? हा प्रश्न टाळून चालणार नाही. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर महाराष्ट्रात गाईप्रमाणेच बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. संकरित गोऱ्ह्याला औताला कोणी घेत नाही. मग तो दुधावाचून गोठ्यातच झिजतो, नाहीतर रस्त्यावर सोडला जातो. आता लिंगनिश्चित वीर्यामुळे शंभरात नव्वदच्या आसपास कालवडीच होतात, म्हणजे प्रश्न जन्माआधीच सुटतो, असं म्हणतात. बऱ्याच अंशी सुटेलही. पण एके काळी कालवडीला एक सड देणारे आम्हीच होतो, आणि आज गोऱ्ह्याला तोही न देणारे आम्हीच आहोत. उपयोग बदलला की कोणाला उपाशी ठेवायचं एवढंच बदललं, हे मान्य करायला हवं.

वसुबारसेला आपल्या घरातल्या बाया दूध-तूप खात नाहीत. त्या दिवशी वासराचा वाटा वासराला. ही समज आपल्याकडे होतीच, फक्त वर्षातून एक दिवस. गाय व्याली की पहिले दोन तास ती पाळा, आणि वासरू कोणतंही असो, आधी त्याला चीक पाजा. खरवस उरलेल्या चिकाचाही होतो.