११ जून : जावेद आबिदी जन्मदिन

अपंगांच्या हक्कांसाठी आयुष्यभर लढलेले जावेद आबिदी यांचा जन्म १९६५ साली अलीगढचा. जन्मजात मणक्याच्या विकारामुळे तरुणपणीच चाकाच्या खुर्चीशी गाठ पडली. १९ डिसेंबर १९९५ रोजी दिल्लीत अपंगांनी निदर्शने केली, त्यात ते आघाडीवर होते. तीनच दिवसांत संसदेने अपंग हक्क कायदा संमत केला. चालता न येणाऱ्या प्रवाशाला तेव्हा विमानात अक्षरशः उचलून चढवत. ही मानहानी त्यांनी थेट सर्वोच्च न्यायालयात मांडली. २००४ मध्ये मतदान केंद्रांवर रॅम्प हवेत, असा आदेश न्यायालयाने दिला, तोही त्यांच्याच संघटनेच्या याचिकेवर. दया नको, हक्क हवा, ही त्यांची ठाम भूमिका. ४ मार्च २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.