पूर्वेकडील व्यवस्थापनविद्येची पीठे

व्यवस्थापनाचे उच्च शिक्षण म्हणजे विलायतेचा किंवा अमेरिकेचा प्रवास, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ होती. इतिहास मात्र निराळे सांगतो. १९६१ साली कलकत्ता व अहमदाबाद येथे अशा संस्था निघाल्या. अहमदाबादेस हार्वर्डचे साह्य लाभले. १९६५ साली मुंबईत जमनालाल बजाज संस्था, १९६८ साली मनिलात व १९९४ साली शांघायमध्ये अशीच विद्यालये स्थापन झाली. २००० साली तर फ्रान्सच्या इन्सियादनेच सिंगापुरात विद्यालय उघडले! कारखाने व बाजारपेठा आशियात वाढल्या, तशी इथला ग्राहक, भाषा व रीतिरिवाज जाणणाऱ्या पदवीधरांची निकड कंपन्यांस भासू लागली. म्हणून कर्ज काढून मुलामुलींस दूरदेशी धाडण्यापूर्वी ज्ञातिबांधवांनी या जवळच्या वाटाही पारखून पाहाव्यात, अशी आमची विनंती आहे.