पारद विषबाधा, चेतापेशींतील आर.एन.ए. आणि उसाची बेणेप्रक्रिया : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या उत्तर भागाचे अर्थकारण गेल्या शतकात प्रामुख्याने उसाने घडविले. गोदावरी व प्रवरा नद्यांचे कालवे, १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदरा धरण आणि १९५० च्या सुमारास प्रवरानगर येथे सुरू झालेला सहकारी साखर कारखाना हे या इतिहासातील ठळक टप्पे होत. त्या मानाने उसाच्या टिपऱ्या लागणीपूर्वी ज्या औषधात बुडविल्या जात, त्याचा विचार क्वचितच केला जातो. बेणेप्रक्रियेसाठी दीर्घकाळ शिफारस केले गेलेले हे औषध सेंद्रिय पाऱ्याचे होते. पारा चेतापेशीत काय घडवितो याचे ज्ञानही त्याच काळात आकारास येत होते. या दोन घटनाक्रमांचा एकत्रित विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बेणेप्रक्रिया आणि पारा :
ऊस टिपऱ्यांपासून लावला जातो. टिपरीच्या कापलेल्या टोकांतून जमिनीतील बुरशी आत शिरते, तर काणी रोगाचे बीजाणू डोळ्यांवरून पुढील पिकात जातात. यावर उपाय म्हणून टिपऱ्या मिथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराइड या संयुगाच्या द्रावणात काही मिनिटे बुडवून लावण्याची शिफारस केली जाई. ॲगॅलॉल, ॲरेटान, एमिसान ही त्याची बाजारातील नावे शेतकऱ्यांच्या परिचयाची होती. पाऱ्याला गंधकाची तीव्र ओढ असते. बुरशीच्या विकरांतील गंधकयुक्त गटांशी तो घट्ट जोडला जातो व विकरांचे कार्य थांबते. औषध म्हणून पाऱ्याचा जो गुण, तोच मानवी पेशीतील त्याचा दोष ठरतो, कारण गंधकयुक्त विकरे दोन्हीकडे आहेत.

चेतापेशीतील परिणामांचा शोध :
विशेष म्हणजे सेंद्रिय पाऱ्याच्या मज्जाविकाराचा पहिला सविस्तर पुरावा बियाण्याच्या औषधातूनच मिळाला. इंग्लंडमध्ये मिथिल पाऱ्याचे बीजप्रक्रिया औषध तयार करणाऱ्या कारखान्यातील चार कामगारांचे वर्णन हंटर, बॉमफर्ड व रसेल यांनी १९४० साली प्रसिद्ध केले. तोल जाणे, बोलणे अडखळणे व दृष्टीचे क्षेत्र आकुंचित होणे ही त्यातील प्रमुख लक्षणे होती. १९५४ साली हंटर व रसेल यांनी अशा एका रुग्णाच्या मेंदूचा अभ्यास मांडला. त्यात अनुमस्तिष्कातील लहान चेतापेशींचा ऱ्हास दिसला. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली अधिकृतपणे नोंदला गेलेला आजार ओळखण्यास हीच वर्णने उपयोगी पडली.

पुढचा प्रश्न पेशीच्या आतला होता. केंद्रकातील डी.एन.ए.वरून आर.एन.ए. तयार होते व त्याच्या आधारे रायबोझोमवर प्रथिने बनतात. चेतापेशीला लांब तंतू जोपासावयाचे असल्याने तिच्यात हे कार्य अखंड चालते. पूर्ण वाढ झालेली चेतापेशी सहसा विभाजित होत नाही, त्यामुळे तिची हानी भरून निघणे कठीण असते. १९६६ साली योशिनो व सहकाऱ्यांनी उंदरांत असे दाखविले की, बाह्य लक्षणे दिसण्यापूर्वीच मेंदूतील प्रथिननिर्मिती मंदावते. १९७२-७३ मध्ये चँग, डेसनॉयर्स व हार्टमन यांनी मर्क्युरिक क्लोराइड व मिथिल पारा या दोन्हींनी बाधित उंदरांच्या चेतापेशींतील आर.एन.ए. मोजले. काही चेतापेशींत त्याचे प्रमाण घटल्याचे आणि त्याच्या रासायनिक घटकांचे परस्पर प्रमाणही बदलल्याचे त्यांना आढळले. १९८० च्या दशकात चेउंग व व्हेरिटी यांनी प्रथिननिर्मितीतील अडथळा ट्रान्सफर आर.एन.ए.ला अमिनो आम्ल जोडण्याच्या पायरीवर दाखविला. म्हणजेच आर.एन.ए.ची घट हा एकमेव घाव नसून अनेक घावांपैकी एक होय.

नियमनाचा इतिहास :
स्वीडनने १९६६ साली अल्किल पाऱ्याच्या बीजप्रक्रियेस बंदी घातली व त्याऐवजी मिथॉक्सी इथाइल संयुग स्वीकारले. हे संयुग शरीरात लवकर विघटित होऊन असेंद्रिय पारा देते. मिथिल पाऱ्याच्या तुलनेत त्याचा मेंदूवरील परिणाम कमी असतो. हा फरक खरा आहे, परंतु कमी घातक म्हणजे निर्धोक नव्हे. असेंद्रिय पारा मूत्रपिंडास अपाय करतो आणि वरील प्रयोगांत त्याचाही चेतापेशींवर परिणाम दिसला होता. १९७१-७२ मध्ये इराकमध्ये मिथिल पारा लावलेल्या बियाण्याच्या धान्याची भाकरी खाल्ल्याने ६,५३० जण रुग्णालयात दाखल झाले व त्यांपैकी ४५९ मरण पावले.

भारतात २००१ च्या अधिसूचनेने मिथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराइडचा वापर बटाटा व ऊस यांची बेणेप्रक्रिया वगळता बंद करण्यात आला. ऊस हाच अपवाद ठरल्याने अहमदनगरसारख्या जिल्ह्यांसाठी ही अधिसूचना अपुरी होती. भारताने जून २०१८ मध्ये मिनामाता कराराला मान्यता दिली आणि ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने या संयुगावर पूर्ण बंदी आली. बेणेप्रक्रियेसाठी शंभर लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम व उष्ण बाष्पयुक्त हवेची प्रक्रिया असे पर्याय उपलब्ध होते.

निष्कर्ष :
बीजप्रक्रियेच्या औषधाने माणसाच्या मज्जासंस्थेस होणारा अपाय १९४० साली, तर चेतापेशीतील आर.एन.ए.वरील परिणाम १९७२ साली नोंदला गेला. उसासाठीची सूट मात्र २०१८ पर्यंत टिकली. लक्षणांपूर्वीच पेशीचे कार्य बिघडते, हा प्रयोगशाळेचा निष्कर्ष येथे महत्त्वाचा ठरतो. रुग्ण दिसले नाहीत एवढ्यावरून अपाय झाला नाही असे म्हणता येत नाही, आणि मोजमापाशिवाय तो झाला असेही ठामपणे म्हणता येत नाही. ज्या मजुरांचे हात वर्षानुवर्षे त्या द्रावणात बुडाले, त्यांच्या आरोग्याची तपासणी त्या काळातच होणे आवश्यक होते. कृषी रसायनास परवानगी देताना पिकाच्या उगवणीइतकेच ते हाताळणाऱ्या व्यक्तीच्या आरोग्याचे मोजमाप झाले पाहिजे, हाच या इतिहासाचा बोध होय.