तालमीचा खुराक, सँडोचे डंबेल्स आणि औंधचे राजे

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

‘सँडो बनियन’ आपल्या घराघरांत असतो. पण हा सँडो कोण, असं विचारलं तर बहुतेकांना सांगता येणार नाही. युजेन सँडो हा जर्मनीत 1867 साली जन्मलेला आणि पुढे लंडनमध्ये स्थायिक झालेला पहिलवान. पहिलवान असूनही त्याची कीर्ती कुस्तीमुळे झाली नाही, शरीर दाखवण्यामुळे झाली. त्याने 1901 साली लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची स्पर्धा भरवली. तिच्या परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल होते. दंड किती जाड, एवढ्यावरच निकाल नव्हता. सर्व शरीर प्रमाणात घडलं आहे का, हेही पाहिलं गेलं. म्हणजे चरबी कमी आणि स्नायू रेखीव. आज जिममध्ये जाणाऱ्या तरुणाला जे हवं असतं, तेच.

सँडो 1904-05 साली हिंदुस्थानात येऊन गेला. पण बलोपासना त्याने आपल्याला शिकवली असं नाही. तालमी गावोगाव होत्या. पहाटे उठून जोर-बैठका, मग लाल मातीच्या हौद्यात लढती, मग खुराक. दूध, तूप, बदामाची थंडाई, परवडत असेल तर मटण. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला आणि खासबागेचं मैदान 1912 मध्ये उभं राहिलं.

या तालमीच्या शास्त्रात एक गोष्ट पक्की होती. खुराक आणि मेहनत ही जोडी आहे. हजार-हजार जोर काढणाऱ्याला तूप पचतं. मेहनत सुटली आणि खुराक तसाच राहिला, की ऐन उमेदीतला मल्ल चाळिशीत ढेरपोट्या होतो. आपल्यापैकी अनेकांनी असे जुने पहिलवान पाहिले असतील. अडचण दुसरीच होती. एवढा खुराक कोणाला परवडणार? त्यासाठी राजाश्रय हवा. शेतकरी, कारकून, शाळामास्तर यांनी काय करायचं? आणि बायकांना तर तालमीचं दारच बंद.

या प्रश्नाला उत्तर शोधणारा माणूस निघाला, तोही एक राजाच. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जन्म 1868. चित्रकार, कीर्तनकार, आणि प्रजेला 1939 साली स्वराज्याची घटना देणारा राजा. या गृहस्थांनी 1897 च्या सुमारास सँडोची पुस्तकं आणि साधनं मागवली आणि जवळजवळ दहा वर्षं त्याच्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. म्हणजे पाश्चात्त्य पद्धत त्यांनी न पाहताच नाकारली नाही, अंगमेहनतीने अजमावली. पुढे 1908 पासून ते सूर्यनमस्कारांकडे वळले, ते कायमचे.

का वळले? सूर्यनमस्कार नीट पाहिले तर ध्यानात येतं. वाकणं, पाय मागे नेणं, दोन्ही हातांवर शरीर तोलणं, खाली जाणं, वर उठणं. तालमीतला दंड त्यात आहे. हात, छाती, पोट, पाठ, मांड्या सगळ्यांना काम मिळतं. साधन नाही, वस्ताद नाही, खर्च नाही. साडेतीन हात जागा पुरते. घरात स्त्रियाही करू शकतात. खुद्द राणीसाहेब नमस्कार घालत. किती घालायचे हे वयाप्रमाणे ठरवायचं आणि हळूहळू वाढवायचं, असा नियम होता. औंधच्या शाळांत नमस्कार रोजच्या कार्यक्रमात आले. लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेलं महाराजांचं इंग्रजी पुस्तक 1938 साली लंडनमध्ये निघालं. बलोपासना राजवाड्यातून आणि आखाड्यातून सामान्यांच्या ओसरीवर आली, हे या राजाचं मोठं काम.

अर्थात कुठलीही चांगली गोष्ट डोक्यात गेली की तिचं खूळ होतं. आचार्य अत्र्यांनी 1933 साली ‘साष्टांग नमस्कार’ हे नाटक रंगभूमीवर आणलं. त्यातल्या रावबहादुरांना प्रत्येक दुखण्यावर नमस्कार हाच इलाज दिसतो. प्रेक्षक पोट धरधरून हसले. अत्र्यांचा टोला बरोबर होता. नुसत्या व्यायामाने सगळं होत नाही.

दुसरी बाजू आहाराची. तिच्यावर त्याच सुमारास निलगिरीतल्या कुन्नूरला काम चाललं होतं. रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरांनी एकसारख्या उंदरांचे गट केले आणि त्यांना हिंदुस्थानच्या वेगवेगळ्या प्रांतांतला आहार दिला. अखेरीस वजनं केली. शिखांचा आहार घेणारे उंदीर सरासरी 235 ग्रॅम भरले. त्यांच्या मागे पठाण, आणि तिसरा क्रमांक मराठी आहाराचा. तळाला मद्रासकडचा सडलेल्या तांदळाचा आहार, 155 ग्रॅम. शिखांच्या ताटात होतं काय? न चाळलेल्या गव्हाची पोळी, दूध, डाळ, भाजी. बदाम-पिस्त्यांची गरज पडली नाही. याच कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली.

मेहनतीचं शास्त्रही पुढे गेलं. अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांचे दुबळे झालेले पाय वजनं उचलायला लावून बळकट केले आणि 1945 मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. तिचं सूत्र सोपं. स्नायूला सवय झाली की तो वाढायचा थांबतो. म्हणून भार टप्प्याटप्प्याने वाढवायचा. रोज बारा नमस्कार वर्षानुवर्षं घालणाऱ्याचं अंग लवचीक राहील, पण दंड वाढणार नाही, याचं कारण हेच.

आज आपल्याला हिशेब स्पष्ट माहीत आहे. स्नायू वाढायला वाढता भार, पुरेशी झोप आणि प्रथिनं लागतात. साध्या निरोगी माणसाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरतात, असं 2020 च्या भारतीय शिफारशी सांगतात. भारी व्यायाम करणाऱ्याला दीड ग्रॅमच्या आसपास लागतात. शंभर ग्रॅम कच्च्या डाळीत वीस-बावीस ग्रॅम, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात आठ. म्हणजे घरच्या ताटातूनच बरंचसं साधतं. चरबीचा हिशेब वेगळा. एक किलो चरबीत सुमारे 7700 कॅलरी साठलेल्या असतात. वडापाव दोन मिनिटांत संपतो, पण खर्ची पडायला तासभर चालावं लागतं. म्हणून चरबी मुख्यतः ताटावर उतरते आणि स्नायू मेहनतीने चढतो. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाची चरबी जाते, ही समजूतही खरी नाही.

खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकलं, ते 57 किलोंच्या गटात. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल आकाराने लहानच होता. ताकद घेरात नसते, हे त्याने दाखवलं.

आता संस्थानं विलीन झाली, राजाश्रय गेला. त्या जागी डब्यातल्या पावडरी आणि महिनाभरात शरीर घडवण्याच्या जाहिराती आल्या. शिवाय कोणाच्याही सल्ल्याने इंजेक्शनं घेणारी मुलंही दिसतात. हा मार्ग जिवावर बेतू शकतो. त्या मुलांना घरच्यांनी औंधच्या राजांची गोष्ट जरूर सांगावी. खजिना हाताशी असलेल्या त्या माणसाने बिनखर्चाचा व्यायाम निवडला, तो रोज केला आणि वयाच्या ब्याऐंशीपर्यंत जगला. त्याला आपण एवढीच जोड द्यायची, की भार हळूहळू वाढवायचा आणि मेहनत पाहून ताट वाढून घ्यायचं.