वाट फुटते तिथं: ग्रीक पुराणकथा आणि मुक्त जगाची गेमबुकं

आज आपण अशा पुस्तकांबद्दल बोलणार आहोत, जी वाचताना हातात पेन्सिल आणि दोन फासे लागतात. ग्रीक पुराणकथांच्या व्याख्यानात फासे कुठून आले, असं कुणी विचारेल. थोडा धीर धरा, होमरपर्यंत पोचतोच आपण.

आधी गेमबुक म्हणजे काय, ते बघू. पुस्तकात मजकुराचे क्रमांक घातलेले तुकडे असतात. एक तुकडा वाचून झाला की खाली पर्याय येतात: गुहेत शिरायचं असेल तर १२० वर जा, डोंगराला वळसा घालायचा असेल तर ३४ वर जा. नायक म्हणजे वाचणारा स्वतः. अमेरिकेत एडवर्ड पॅकर्ड यांचं ‘द केव्ह ऑफ टाइम’ १९७९ साली आलं आणि मुलांनी हा प्रकार डोक्यावर घेतला. ब्रिटनमध्ये १९८२ साली स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांचं ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ पफिननं छापलं. त्यात ४०० तुकडे होते आणि लढाईसाठी फासे होते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ पासून चार मित्र जमवून खेळला जात होता, तो आता एकट्याला अंथरुणात पडून खेळता यायला लागला.

गंमत अशी, की या पुस्तकांत वाटा दिसायला पुष्कळ असल्या, तरी पोचायचं ठिकाण एकच असायचं. वर रुंद तोंड, खाली अरुंद नळी, असं ते नरसाळं. बाजूला गेलात की मेलात, मग पुन्हा पहिल्या तुकड्यापासून सुरुवात. हे नरसाळं लक्षात ठेवा, ते पुन्हा लागणार आहे.

या लाटेतच १९८५-८६ मध्ये पफिननं ‘क्रीटन क्रॉनिकल्स’ नावाची तीन पुस्तकं काढली. बटरफील्ड, हॉनिगमन आणि पार्कर असे तिघे लेखक. थीसिअस क्रीटला गेला, त्यानं भूलभुलैयातला बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर मारला, ही कथा आपल्याला माहीत आहे. इथे थीसिअस हरतो, मिनोटॉर त्यालाच मारतो. आपण त्याचा धाकटा भाऊ अल्थिअस. सुरुवातीलाच एक देव पाठीराखा म्हणून निवडायचा आणि मग निघायचं.

त्यातली खरी नामी गोष्ट म्हणजे हिशोब. ताकदीच्या जोडीला ‘मान’ आणि ‘लज्जा’ असे दोन आकडे सांभाळायचे, आणि लज्जा मानाच्या वर गेली की संपलात. तुम्ही धडधाकट असाल, लढाई जिंकलेली असेल, तरी संपलात. अकिलीसचं चिलखत आपल्याला न मिळता ओडिसिअसला मिळालं म्हणून अ‍ॅजॅक्सचं डोकं फिरलं, त्यानं मेंढरं कापली आणि शुद्धीवर आल्यावर लाजेपोटी जीव दिला. ते सगळं सोफोक्लिसचं नाटक या दोन आकड्यांत बसतं. ई. आर. डॉड्स यांनी १९५१ च्या ‘द ग्रीक्स अँड द इर्रॅशनल’ या ग्रंथात होमरच्या जगाला लज्जेवर चालणारी संस्कृती म्हटलं होतं. ही गोष्ट शाळकरी पोरांना इथे दोन फाश्यांत कळत होती. आमच्या मते नीतीच्या बाबतीत इतकं ग्रीक गेमबुक त्यानंतरही झालेलं नाही.

पण रचना मात्र नरसाळ्याचीच राहिली. आणि इथे आपल्याला एक जुना प्रश्न विचारावा लागतो. ग्रीक पुराणकथा मुळात कशी असते? सुरुवात, मध्य, शेवट अशी सरळ गोष्ट असते का? शाळेच्या पुस्तकात आपण तशी वाचतो खरी, पण ती नंतरच्या संग्राहकांनी लावलेली शिस्त आहे. प्रत्यक्षात त्या कथा जागांना चिकटलेल्या होत्या. ही विहीर, हे झाड, हा दगड, आणि त्या दगडाची गोष्ट. आपल्याकडे क्षेत्रोक्षेत्री स्थलमाहात्म्य असतं, वनपर्वात पांडव तीर्थयात्रा करत प्रत्येक ठिकाणची कथा ऐकतात, तसंच काहीसं.

याचा सर्वात मोठा साक्षीदार म्हणजे पॉसेनिअस. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात हा गृहस्थ ग्रीसभर हिंडला आणि त्यानं दहा ग्रंथांत वर्णन लिहून ठेवलं. ते ग्रंथ काळाप्रमाणे लावलेले नाहीत, प्रदेशाप्रमाणे लावलेले आहेत. एका प्रांतातून दुसऱ्यात जाताना रस्ता कुठे फुटतो, डावीकडे काय, उजवीकडे काय, हे तो सांगत जातो. पॅनोपिअस गावापाशी त्याला मोठे दगड दाखवतात. प्रॉमिथिअसनं माणूस घडवला त्या मातीतले हे उरलेले, आणि त्यांना माणसाच्या कातडीचा वास येतो, असं तो लिहितो! लेबाडियाला ट्रोफोनिअसचं भूमिगत दैवत होतं. तिथे कौल लावायला जाणाऱ्यानं आधी विस्मृतीचं पाणी प्यायचं, मग स्मृतीचं, आणि अरुंद भोकातून पाय आधी घालून आत ओढलं जायचं. पॉसेनिअस स्वतः उतरला होता. बाहेर आलेल्या माणसाला स्मृतीच्या आसनावर बसवत, आणि आत जे पाहिलं-ऐकलं ते त्यानं पाटीवर लिहून तिथे अर्पण करायचं असा दंडक होता. गुहेत जा, परत या, आणि काय घडलं त्याची नोंद करा. पेन्सिल आठवली की नाही?

निवडही तिथे आहेच. प्लुटार्क सांगतो, की तरुण थीसिअसला अथेन्सला जायचं होतं. आई आणि आजोबा म्हणाले, बाबा रे, समुद्रानं जा, सुखरूप पोचशील. त्यानं मुद्दाम दरोडेखोरांची खुष्कीची वाट धरली. म्हणून तर त्या वाटेवरचे सिनिस, स्किरॉन, प्रोक्रुस्टिस आपल्याला माहीत आहेत. ‘ओडिसी’च्या बाराव्या सर्गात सर्सी ओडिसिअसला पुढचे दोन मार्ग समजावते: एकीकडे जहाजं फोडणारे खडक, दुसरीकडे स्किला आणि कॅरिब्डिस. कुठला धरायचा ते मात्र ती सांगत नाही, तुझं तू ठरव म्हणते. हा गेमबुकमधला तुकडाच झाला, फक्त खाली क्रमांक घालायचे राहिलेत.

तेव्हा नरसाळं मोडून भूगोल आणायला हवा होता. ते काम १९९५ साली डेव्ह मॉरिस आणि जेमी थॉमसन यांनी ‘फेबल्ड लँड्स’मध्ये केलं. एका पुस्तकात एक प्रदेश. सरहद्द ओलांडली की पुढचा तुकडा दुसऱ्या पुस्तकात. सुरुवात कुठूनही करा, जहाज विकत घ्या, माल भरा, घर घ्या. जग वाचावं वाचकासाठी थांबलेलं नसतं, ते आपलं काय केलं ते लक्षात ठेवतं. कसं? तुकड्याशेजारी चौकोन असतो. तिथे गेलात की खूण करायची, पुढच्या खेपेला मजकूर बदलतो. मोठं काही केलंत तर संकेतशब्द मिळतो, तो लिहून ठेवायचा. पहिल्या पुस्तकातले शब्द इंग्रजी ए अक्षरापासून, दुसऱ्यातले बी पासून. त्यामुळे चौथ्या पुस्तकात कुणी तो विचारला, तर तो कुठल्या मुलखातला ते लगेच कळतं. कागद आणि शिसं, बाकी काही यंत्र नाही.

या जगातले देव नावानं ग्रीक नाहीत, व्यवहारानं आहेत. देवळात पैसे भरून आशीर्वाद घ्यायचा, त्या देवाचे दीक्षित झालात तर स्वस्तात. मेल्यावर पुन्हा जिवंत व्हायची सोयसुद्धा आधीच पैसे मोजून करून ठेवायची. हसू येतं, पण प्राचीन ग्रीक धर्म बराचसा असाच चालत होता. नवस बोलणं, फेडणं, देवळात वस्तू वाहणं. श्रद्धेचा कबुलीजबाब तिथे कुणी मागत नव्हतं.

बेत बारा पुस्तकांचा होता. १९९६ पर्यंत सहा निघाली आणि मालिका थांबली. आता अडचण बघा: छापलेल्या पुस्तकांतले रस्ते न छापलेल्या पुस्तकांत जात होते. वाचक बंदरातून निघायचा आणि त्याला अमुक पुस्तकातला अमुक तुकडा उघडा असं सांगितलं जायचं, आणि ते पुस्तक जगात नव्हतंच. जाहीर झालेल्या नावांत दहावं भूलभुलैयाच्या पलटणींचं होतं, बारावं पाताळात उतरण्याचं. म्हणजे ग्रीक वळणाचे मुलूखच नेमके राहून गेले. सातवं पुस्तक पॉल ग्रेस्टी यांनी लिहिलं, तेही वाचकांनी वर्गणी काढल्यावर २०१८ साली निघालं.

मग २०२१ पासून मॉरिस आणि थॉमसन यांनीच ‘व्हल्कनव्हर्स’ ही मालिका आणली, आणि या वेळी जग उघडउघड अभिजात पुराणांचं घेतलं. मध्ये व्हल्कनचं शहर, भोवती आर्केडियाची राने, वाळवंट, बर्फाळ डोंगर आणि मृतांचा हेडीस. मूळ जग एका कंपनीच्या संगणक खेळासाठी होतं, पण पुस्तकं खेळाशिवाय वाचता येतात. पाताळात उतरायची राहिलेली वाट अशी पंचवीस वर्षांनी, दुसऱ्याच मालिकेत छापली गेली.

आता अवघड मुद्दा. ग्रीक कथेत निवड असते तशी नियतीही असते. इडिपस भाकीत टाळायला कॉरिंथ सोडतो, आणि डेल्फीजवळ तीन वाटा मिळतात तिथे नेमका बापाला मारतो. पॉसेनिअसनं ती जागाही पाहिली होती, तिथे लायसच्या थडग्यावर दगड रचलेले होते. या गोष्टीचं मुक्त जगाचं गेमबुक करून बघा. वाचक म्हणेल, मी उजवीकडे जातो. गेला! शोकांतिका तिथेच संपली. उलट मघाचं बदनाम नरसाळं, ज्यात कुठूनही गेलं तरी एकाच नळीत पडायचं, ते इडिपसला चपखल बसतं. म्हणून ही पुस्तकं सगळी पुराणकथा पेलतात असं आम्ही म्हणणार नाही. थीसिअस, हेराक्लीस, ओडिसिअस, म्हणजे चालणारी माणसं, ती पेलतात. थीब्जचं राजघराणं त्यांच्या हाती लागत नाही.

अपवाद एकच, आणि तो त्या संकेतशब्दांत आहे. रस्त्यात भेटलेल्या म्हाताऱ्याला तुम्ही सहज ढकललंत. पुस्तकानं एक शब्द लिहून घ्या म्हटलं, तो का ते सांगितलं नाही. पुढे दोन पुस्तकांनंतर, भलत्याच शहरात, तो शब्द तुमच्याकडे आहे का असं विचारतात. खोडरबर जवळ असतं, तरी बहुतेक जण ‘हो’ म्हणतात आणि सांगितलेल्या क्रमांकावर जातात.

इथे थांबू या. पॉसेनिअसच्या आर्केडियाबद्दल दोघातिघांनी चिठ्ठ्या पाठवल्या आहेत, त्या आधी घेतो.