सोपाऱ्याच्या कापडाचा माग

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला इमारतींच्या गर्दीत ‘बुरूड राजाचा कोट’ नावाची टेकडी आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ती उकरली, तेव्हा आत स्तूप निघाला आणि तांबे, चांदी, दगड, स्फटिक व सोने अशा एकात एक ठेवलेल्या करंड्या मिळाल्या. मी वसईतच वाढलो. या कोटावर गेलो की मला नेहमी वाटते, सोने टिकले, दगड टिकला, मग ज्या कापडावर ही बंदरे पोसली त्याचे काय झाले? आमच्या खाऱ्या, दमट हवेने ते खाल्ले.

कापड गेले, पण त्याचा हिशेब उरला. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. शूर्पारक म्हणजे आपल्या सोपाऱ्यात त्याने धर्मशाळा बांधल्याचे त्यांतल्या एकात सांगितले आहे. दुसऱ्यात आहे ठेवीची नोंद: गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. गुणून पाहिले तर वर्षाचे व्याज २४०. हिशेब चोख जुळतो. राजघराण्याने मुद्दल विश्वासाने सोपवावे, इतकी पत त्या काळी मागावर बसणाऱ्यांना होती.

प्रत्यक्ष धागा मात्र सापडला तो इजिप्तमध्ये. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदराच्या उत्खननात, कोरड्या वाळूतल्या उकिरड्यांत, भारतीय सुती कापडाचे तुकडे निघाले. त्यांत निळ्या जमिनीवर पांढरी नक्षी राखून रंगवलेले तुकडे आहेत, आणि जहाजांच्या शिडांचेही. ते भारतीय कशावरून? पिळावरून. आपल्याकडच्या सुताचा पीळ वर उजवीकडे कलतो, इजिप्तच्या सुताचा डावीकडे. चाती फिरवणाऱ्या हाताची सवय दोन हजार वर्षांनीही ओळखू येते.

त्यांतला अमुक तुकडा सोपाऱ्याचाच, असे म्हणता येणार नाही. भडोच, कल्याण, सोपारा ही सारी एकाच किनाऱ्यावरची बंदरे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’मध्ये तिन्हींची नावे आहेत आणि तगर म्हणजे तेरहून गाड्यांनी भडोचला जाणाऱ्या सुती कापडाचीही नोंद आहे. कापडावर बंदराचा शिक्का नसतो.

तरीही कोटावरून उतरताना आता मला हळहळ वाटत नाही. आपल्या आज्यांच्या हातचा पीळ परक्या उकिरड्याने जपला. त्याची ओळख जपणे तरी आपल्या हाती आहे.