उन्हात ठेवलेला कप: सौरवात मोजणाऱ्या उपकरणांची जडणघडण

सूर्याच्या प्रभामंडलातून, म्हणजे त्याच्या सर्वांत बाहेरच्या वातावरणातून, प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि थोडी हेलियमची अणुकेंद्रके अखंड बाहेर वाहत असतात. या प्रवाहाला सौरवात म्हणतात. पृथ्वीपाशी पोचताना त्याचा वेग सेकंदाला साधारण ३०० ते ८०० किलोमीटर असतो, पण एका घन सेंटीमीटरमध्ये जेमतेम पाच-दहा प्रोटॉन सापडतात. इतका विरळ वारा मोजणे कठीण आहेच, पण खरी अडचण दिशेची आहे. वारा सूर्याकडून येतो, म्हणून उपकरणाला सूर्याकडेच तोंड करावे लागते, आणि ऊनही तिकडूनच येते. वारा आत घ्यायचा आणि ऊन बाहेर ठेवायचे, हा पेच प्रत्येक पिढीने आपापल्या परीने सोडवला.

असा वारा असावा, हा अंदाज धूमकेतूंवरून आला. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग बिरमान यांनी १९५१ मध्ये दाखवले की, धूमकेतूची वायूची शेपटी सूर्याच्या उलट दिशेला ज्या रीतीने ढकलली जाते ते नुसत्या प्रकाशाच्या दाबाचे काम नव्हे. १९५८ मध्ये शिकागो विद्यापीठातील युजीन पार्कर यांनी गणिताने सिद्ध केले की प्रभामंडल इतके तप्त आहे की ते स्थिर राहूच शकत नाही. ते ध्वनीहून अधिक वेगाने बाहेर वाहत गेलेच पाहिजे. दोन्ही परीक्षकांनी हा लेख नाकारला. नियतकालिकाचे संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनाही निष्कर्ष पटला नव्हता, पण गणितात चूक नव्हती, म्हणून त्यांनी तो छापला. संपादकाच्या कर्तव्याचे याहून चांगले उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. त्याच वर्षी एका अमेरिकी वैज्ञानिक समितीने बुधाच्या कक्षेच्या आत जाणारे यान पाठवावे अशी शिफारस केली. ते यान निघायला साठ वर्षे लागली.

वाऱ्याची पहिली प्रत्यक्ष चाहूल सोव्हिएत यानांना लागली. कॉन्स्टँटिन ग्रिंगाउझ यांनी १९५९ मधील लूना यानांवर छोटे अर्धगोल सापळे बसवले होते. आत धातूची संग्राहक तबकडी आणि तिच्यापुढे तारेच्या जाळ्या, एवढीच रचना. यात एक खाच होती. धातूवर ऊन पडले की त्यातून इलेक्ट्रॉन निसटतात, आणि ऋणभारित कण बाहेर जाणे व धनभारित कण आत येणे या दोन्ही गोष्टी मापकाला सारख्याच दिसतात. म्हणजे वारा नसला तरी ऊनच वारा असल्याची बतावणी करणार. ग्रिंगाउझ यांनी आतल्या जाळीला ऋण विद्युत दाब देऊन हे इलेक्ट्रॉन परत तबकडीकडे लोटले. सप्टेंबर १९५९ मध्ये चंद्राकडे जाताना लूना २ ने धन कणांचा प्रवाह नोंदवला. मात्र तो किती वेगाने येतो, हे या सापळ्यांना सांगता येत नव्हते.

वेगासाठी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ब्रूनो रॉसी आणि हर्बर्ट ब्रिज यांच्या गटाने प्रयोगशाळेतला जुना फॅरडे कप, म्हणजे भारित कण झेलून त्यांचा प्रवाह मोजणारे धातूचे भांडे, कामाला लावला. कपाच्या तोंडावरच्या जाळीला धन दाब दिला, तर त्याहून कमी ऊर्जेचे प्रोटॉन परत फिरतात आणि जास्त ऊर्जेचे आत शिरतात. सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाच्या प्रोटॉनची ऊर्जा सुमारे ८३५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. तेव्हा कोणत्या दाबाला प्रवाह थांबतो ते पाहिले की वेग कळतो. युक्तीचा गाभा पुढेच आहे. या गटाने जाळीचा दाब स्थिर न ठेवता भराभर वरखाली केला. दाबाच्या या दोन टोकांमधल्या ऊर्जेच्या प्रोटॉनांचा प्रवाह त्याच तालात वरखाली होतो, उन्हाने निघालेल्या इलेक्ट्रॉनांचा मात्र सरळ वाहत राहतो. तालातला तेवढा वेचून घेतला की ऊन आपोआप वजा होते. मार्च १९६१ मध्ये एक्सप्लोरर १० वरून हा कप उडाला, पण पृथ्वीच्या चुंबकीय प्रभावक्षेत्राच्या सीमेवरच घुटमळत राहिला.

जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत मार्शा न्यूगेबाउअर आणि कॉनवे स्नायडर यांनी वेगळी वाट धरली. दोन वक्र पट्ट्यांमधल्या फटीतून कण वळवायचे, म्हणजे ठरावीक ऊर्जेचेच कण पलीकडे पोचतात आणि सरळ जाणारा प्रकाश भिंतीवर आपटून थांबतो. १९६१ च्या दोन्ही रेंजर याने पृथ्वीची कक्षा सोडू न शकल्याने त्यांची उपकरणे वाया गेली. ऑगस्ट १९६२ मध्ये निघालेल्या मरिनर २ ने भरपाई केली. शुक्राकडे जाताना सुमारे तीन महिने, दर ३.७ मिनिटांनी एक नोंद मिळाली आणि वारा एकदाही थांबलेला आढळला नाही. सरासरी वेग सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटर होता. पार्कर यांच्या सिद्धांतावरचा वाद तिथे मिटला.

सूर्याच्या खऱ्या अर्थाने जवळ पहिल्यांदा गेली ती पश्चिम जर्मनी आणि नासाची हेलिओस याने, १९७४ आणि १९७६ मध्ये निघालेली. हेलिओस २ सूर्यापासून ४.३४ कोटी किलोमीटरवर पोचले. तिथे ऊन पृथ्वीच्या जवळजवळ बारा पट असते. उत्तर होते फिरण्याचे: यान सेकंदाला एक गिरकी घेई, त्यामुळे कोणतीही बाजू सतत भाजत नसे आणि उपकरण दर गिरकीत क्षणभरच सूर्यासमोर येई. हेलियमची केंद्रके प्रोटॉनांपेक्षा वेगाने धावतात हे या यानांनी नीट दाखवले.

१९५८ मध्ये सुचवलेले यान अखेर घडले ते पार्कर सोलर प्रोबच्या रूपाने. त्याला सूर्यापासून सुमारे साठ लाख किलोमीटरवर जायचे होते. तिथे ऊन पृथ्वीच्या जवळजवळ ४७५ पट असते, त्यामुळे गिरकीचा उपाय उपयोगाचा नव्हता. यानापुढे कार्बनची सुमारे साडेअकरा सेंटीमीटर जाडीची ढाल आली आणि बाकी जवळजवळ सगळे तिच्या सावलीत गेले. इलेक्ट्रॉन सर्व दिशांनी येतात, म्हणून ते सावलीतूनही मोजता येतात. प्रोटॉन मात्र बहुतांशी सूर्याच्या रोखाने येतात. शेवटी जस्टिन कॅस्पर यांच्या गटाने एक फॅरडे कप ढालीच्या कडेबाहेर, थेट उन्हात ठेवला. सर्वांत खडतर जागेसाठी सर्वांत साधे उपकरण निवडणे हा या साऱ्या इतिहासातला बहुधा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता, कारण ज्यात नाजूक भागच नाहीत त्यात बिघडणार काय?

साधेपणा रचनेत होता, घडणीत नव्हे. कपाचे पत्रे टायटॅनियम-झिर्कोनियम-मॉलिब्डेनमच्या मिश्रधातूचे, वितळणबिंदू सुमारे २,३४९ अंश सेल्सियस. जाळ्या टंगस्टनच्या. त्यांवरच्या रेषा लेझरने कोरता येईनात, म्हणून आम्लाने कोरल्या. नेहमीच्या तारा वितळल्या असत्या, त्यामुळे त्या नायोबियमच्या केल्या आणि कृत्रिम नीलमण्याच्या मुद्दाम वाढवलेल्या नळ्यांतून नेल्या. चाचणीसाठी आयमॅक्स चित्रपटगृहांचे जुने प्रोजेक्टर बदलून घेतले, शिवाय फ्रान्समधील ओदेयो येथील सौरभट्टीत दहा हजार आरशांचे ऊन कपावर एकवटले. संग्राहक तबकडीचे चार भाग केले होते. कुठल्या भागात किती प्रवाह पडतो यावरून वाऱ्याची दिशा कळते.

सावलीतल्या उपकरणांपैकी एक यानाच्या धावण्याच्या बाजूला बसवले, त्यामागेही हिशेब आहे. सूर्याजवळ यान आडवे इतक्या वेगाने धावते की, पावसात पळणाऱ्याला सरी समोरून येत असल्यासारख्या वाटतात, तसा वारा तिरका येतो. सूर्य जितका जवळ तितका तो अधिक तिरका होतो, आणि ढालीमागचे हे उपकरण प्रोटॉनही टिपू लागते. कपाची आणि त्याची कामे अशी एकमेकांत गुंफलेली आहेत.

१२ ऑगस्ट २०१८ रोजी यान निघाले. नव्वदी ओलांडलेले पार्कर प्रक्षेपण पाहायला हजर होते. पहिल्या फेऱ्यांतच वाऱ्यातले चुंबकीय क्षेत्र जागोजागी उलटे वळलेले दिसले, आणि त्या वळणांबरोबर प्रोटॉनांचा वेगही उसळताना दिसला. २८ एप्रिल २०२१ रोजी, सूर्यपृष्ठापासून सुमारे १८.८ सौरत्रिज्यांवर, यानाने जिथे सौरवात सूर्यापासून सुटा होतो ती सीमा ओलांडून प्रभामंडलात पाऊल टाकले. २४ डिसेंबर २०२४ रोजी ते सूर्यपृष्ठापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरवरून, तासाला जवळजवळ ६.९ लाख किलोमीटर वेगाने गेले.